एका युनिट विजेची खरी किंमत

महाराष्ट्र राज्य वीज वितरण कंपनीच्या एका मोठ्या निविदेचा निकाल सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर झाला. सौर आणि औष्णिक मिळून 6600 मेगावॉट वीज दीर्घ मुदतीसाठी विकत घ्यावयाची होती, आणि सर्वांत कमी बोली प्रतियुनिट 4 रुपये 8 पैशांची आली. हा दर स्वस्त की महाग, यावर वाद झाला. तथापि तो आकडा नेमके काय सांगतो, याची चिकित्सा फारशी झाली नाही. सौर भागाचा 2 रुपये 70 पैसे हा दर साऱ्या मुदतीत कायम राहावयाचा आहे, तर औष्णिक भागाचा दर कोळशाच्या किमतीबरोबर हलणार आहे. म्हणजे एकाच आकड्यात दोन निराळ्या जातींची आश्वासने एकत्र बांधली गेली आहेत. एक आश्वासन आज पुरे समजते. दुसऱ्याचा अर्थ काळच सांगणार आहे.

वीजनिर्मितीचा प्रत्येक मोठा निर्णय अशाच एका आकड्याच्या आधारे घेतला जातो. जलविद्युत, कोळसा, वायू, अणुशक्ती, वारा आणि सूर्य यांची तुलना करावयाची तर केंद्राच्या साऱ्या आयुष्यात एका युनिटला किती खर्च येईल, हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त आहे. प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर काढण्याची अर्थशास्त्रीय पद्धतही योग्य आहे. परंतु उत्तरात येणारा आकडा तराजूत तोलून काढलेला नसतो. पंचवीस ते साठ वर्षांच्या भविष्याविषयी केलेल्या अनेक अंदाजांची ती बेरीज असते. ते अंदाज कोणी केले आणि चुकले तर नुकसान कोणी सोसावयाचे, हे कळल्यावाचून केवळ आकड्यावर विश्वास ठेवणे म्हणजे डोळे झाकून सही करण्यासारखे आहे.

हिशेबाची रीत

विजेच्या केंद्राला दोन प्रकारचे खर्च असतात. केंद्र उभारण्यासाठी लागणारे भांडवल, त्यावरील व्याज आणि घसारा हा पहिला प्रकार. वीज निर्माण होवो अगर न होवो, हा खर्च चुकत नाही. दुसरा प्रकार इंधनाचा. जितकी वीज काढावी तितके इंधन जळते. धरण, अणुकेंद्र, सौर आणि पवन केंद्रे यांत पहिला खर्च प्रचंड असून दुसरा अल्प किंवा शून्य असतो. कोळसा आणि वायू यांच्या केंद्रांत पहिला तुलनेने बेताचा आणि दुसरा आयुष्यभर चालणारा. एक घर विकत घेण्याचा व्यवहार, तर दुसरे भाड्याने राहण्याचा. या दोहोंची तुलना केवळ पहिल्या वर्षाच्या खर्चावरून करता येत नाही, हे उघड आहे.

येथे काळाचा प्रश्न येतो. आजचा रुपया आणि वीस वर्षांनंतरचा रुपया सारखे नसतात. निवृत्त होणारा शिक्षक किंवा कारकून आपल्या निवृत्तिवेतनाच्या काही भागाचे अंशराशीकरण करून एकरकमी पैसे घेतो, तेव्हा मिळणारी रक्कम पुढे कापल्या जाणाऱ्या हप्त्यांच्या साध्या बेरजेहून कमी असते. पुढच्या पैशाची आजची किंमत काढताना त्याला वटाव लावलेला असतो. वीजकेंद्राच्या हिशेबातही हेच करतात. प्रत्येक वर्षाचा खर्च वटाव लावून आजच्या किमतीत आणावयाचा आणि त्यांची बेरीज करावयाची; प्रत्येक वर्षी निघणाऱ्या युनिटांनाही तोच वटाव लावून त्यांची बेरीज करावयाची; पहिल्या बेरजेला दुसरीने भागावयाचे. जो भागाकार येतो त्याला समतल दर म्हणतात. साऱ्या मुदतीत एकच दर आकारला, तर ज्या दराने सारा खर्च व्याजासह भरून निघेल, तो हा दर.

मध्य प्रदेशातील रीवा येथील 750 मेगावॉटच्या सौर प्रकल्पाचा 2017 मधील दर हे याचे चांगले उदाहरण आहे. पहिल्या वर्षासाठी 2 रुपये 97 पैसे ही बोली गाजली. करारात मात्र पंधरा वर्षे दर वर्षी पाच पैशांची वाढ होती. पंचवीस वर्षांची साधी सरासरी काढली तर ती साडेतीन रुपयांच्या जवळ जाते, आणि समतल दर सुमारे 3 रुपये 30 पैसे येतो. तीनही आकडे खरे आहेत. पण ठळक मथळ्यात त्यांपैकी कोणता छापावयाचा, यावर वाचकाचे मत ठरते.

वटावाच्या दराचे राजकारण

या साऱ्या हिशेबाची किल्ली वटावाच्या दरात आहे. हिशेबाच्या सोयीसाठी काही आकडे गृहीत धरू. एक मेगावॉटच्या सौर केंद्राला 4 कोटी रुपये भांडवल लागते, त्याचे आयुष्य 25 वर्षे आहे आणि ते आपल्या क्षमतेच्या 23 टक्के वीज देते, म्हणजे वर्षाला सुमारे 20 लाख युनिटे. भांडवलाची किंमत 5 टक्के धरली तर दर युनिटमागे भांडवलाचा बोजा 1 रुपया 41 पैसे पडतो; 10 टक्के धरली तर 2 रुपये 19 पैसे; आणि 15 टक्के धरली तर 3 रुपये 7 पैसे. सूर्य तोच, जमीन तीच, यंत्रेही तीच. केवळ व्याजाच्या फरकाने किंमत दुपटीहून अधिक होते.

आता कोळशाचे केंद्र घेऊ. दर मेगावॉटला 8 कोटी भांडवल, तेच 25 वर्षांचे आयुष्य, 80 टक्के भारांक आणि इंधनाचा खर्च प्रतियुनिट 3 रुपये असे मानले, तर 5 टक्क्यांना एकूण खर्च 3 रुपये 81 पैसे येतो आणि 15 टक्क्यांना 4 रुपये 77 पैसे. येथे वाढ सुमारे पाव हिश्शाची. देखभालीचा खर्च दोन्हीकडे वगळला आहे. तो धरला तरी निष्कर्ष बदलत नाही. व्याजदर चढा असेल तर इंधन जाळणाऱ्या केंद्राची बाजू वरचढ होते. तो उतरला की धरण, अणुकेंद्र, पवनचक्की आणि सौर पट्ट्या यांची. अंदाज करणाऱ्याने दराच्या निवडीतच निकालाची निम्मी दिशा ठरविलेली असते.

सौर विजेच्या स्वस्ताईचा इतिहासही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. राष्ट्रीय सौर मोहिमेतील 2010 च्या पहिल्या फेरीत सर्वांत कमी बोली 10 रुपये 95 पैशांची होती. राजस्थानातील भाडला येथे 2017 मध्ये ती 2 रुपये 44 पैशांवर आली आणि गुजरातेत 2020 मध्ये 1 रुपया 99 पैशांपर्यंत उतरली. यंत्रांच्या किमती कोसळल्या हे त्याचे मुख्य कारण. पण सरकारी हमी असलेल्या खरेदीमुळे स्वस्तात मिळालेले कर्ज हेही दुर्लक्षिण्याजोगे कारण नव्हे. वेळेवर बिले न चुकविणाऱ्या वितरण कंपनीला हीच वीज महाग पडते, कारण धनको जोखमीचा मोबदला व्याजात घालतो. वितरण कंपन्यांची थकबाकी ही नुसती हिशेबनिसाची चिंता नसून तिचा भुर्दंड ग्राहकाच्या दरात मिसळतो, तो असा.

वटावाच्या दराला एक नैतिक बाजूही आहे. दहा टक्के दराने साठ वर्षांनंतरच्या शंभर रुपयांची आजची किंमत अवघी 33 पैसे भरते. पाच टक्क्यांनी ती 5 रुपये 35 पैसे होते. अणुकेंद्र मोडून त्याची जागा निर्धोक करण्याचा खर्च साठ वर्षांनंतर यावयाचा असेल, तर चढा दर लावताच तो कागदावरून जवळजवळ नाहीसा होतो. खर्च मात्र नाहीसा होत नाही. तो नातवंडांच्या नावावर लिहिला जातो. या केंद्रांच्या विजेच्या दरात मोडतोडीच्या निधीसाठी युनिटमागे दोन पैशांची वर्गणी धरण्याची प्रथा आहे. ती पुरेशी आहे की नाही, हे साठ वर्षांनंतर ठरावयाचे. आणि त्या वेळी तक्रार करावयाची तर ऐकणारा कोणी उरलेला नसेल.

उलट दिशेनेही हाच दर फसवतो. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 मध्ये सुरू झाले आणि शंभर वर्षे उलटल्यावरही ते वीज देत आहे. दहा टक्के दराने शंभर वर्षांनंतरच्या एका रुपयाची किंमत एका पैशाच्या शंभराव्या भागाएवढीही होत नाही. म्हणजे त्या काळी असा हिशेब मांडला असता, तर आज मुंबईला मिळणाऱ्या या विजेला कागदावर काहीच मोल नसते. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 मध्ये चालू झाल्या, आणि भांडवल फिटल्यानंतर त्यांची वीज अनेक वर्षे देशातील स्वस्त विजेत गणली गेली. दीर्घायुषी केंद्राचे पुण्य पुढच्या पिढीच्या पदरात पडते आणि हिशेबाची वही ते नोंदवीत नाही.

दाभोळचा धडा

भांडवल आणि वटाव यांच्या नंतरचे तिसरे गृहीतक भारांकाचे. केंद्र वर्षभर किती चालेल, यावर स्थिर खर्चाची वाटणी अवलंबून असते. वर दिलेल्या कोळशाच्या केंद्रात दहा टक्के दराने भांडवलाचा बोजा 80 टक्के भारांकाला 1 रुपया 26 पैसे येतो, तर 55 टक्क्यांना तोच 1 रुपया 83 पैसे होतो. केंद्राला मागणी नसेल तर त्याची वीज महाग होते. ती महाग झाली की मागणी आणखी घटते. हे दुष्टचक्र महाराष्ट्राने डोळ्यांदेखत पाहिले आहे.

एन्रॉन कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाचा प्राथमिक करार जून 1992 मध्ये झाला. वीज मंडळाने ठरलेली वीज घ्यावी अथवा न घ्यावी, स्थिर आकार मात्र द्यावाच लागेल, अशी त्या व्यवहाराची घडण होती. प्रकल्प आर्थिक दृष्ट्या परवडणारा नाही, असे सांगून जागतिक बँकेने 1993 मध्येच त्याला कर्ज नाकारले होते. मागणीच्या मानाने सतत चालवावयाची क्षमता फार मोठी होते, हा तिच्या आक्षेपाचा गाभा होता. पुण्याच्या प्रयास संस्थेनेही करारातील कलमांचा हिशेब करून धोक्याच्या जागा दाखवून दिल्या होत्या. पहिला करार 1995 मध्ये रद्द झाला, 1996 मध्ये फेरवाटाघाटी झाल्या, आणि वीज दोन रुपयांच्या आत पडेल असे सांगण्यात आले.

पहिला 740 मेगावॉटचा टप्पा मे 1999 मध्ये सुरू झाला, तेव्हा हिशेबातील गृहीतके एकामागून एक ढासळू लागली. इंधन नाफ्त्याचे, आणि नाफ्ता महागला. देणे डॉलरशी बांधलेले, आणि 1993 मध्ये एकतीस रुपयांच्या आसपास असलेला डॉलर 2001 पर्यंत सेहेचाळीस रुपयांच्या पुढे गेला. वीज महाग म्हणून मंडळाने ती कमी उचलली. कमी उचलली म्हणून स्थिर आकार थोड्या युनिटांवर पसरला. काही महिन्यांत प्रतियुनिट दर सात रुपयांच्या वर गेला. मंडळाने मे 2001 मध्ये खरेदी थांबविली आणि त्याच वर्षी डिसेंबरात खुद्द एन्रॉनने दिवाळे काढले. माधव गोडबोले समितीने 2001 मध्ये या व्यवहाराचे सविस्तर परीक्षण केले. परंतु बैल गेला आणि झोपा केला, असेच त्याचे स्वरूप होते.

दाभोळच्या चर्चेत भ्रष्टाचार, परकी भांडवल आणि राजकीय हेतू यांवर पुष्कळ लिहिले गेले. ते सारे बाजूला ठेवले तरी एक साधी गोष्ट उरते. दोन रुपयांच्या आतला आकडा सांगताना इंधनाची किंमत, डॉलरचा भाव आणि भारांक यांपैकी एकेक बदलला तर दर कोठे जाईल, याचे कोष्टक सामान्य ग्राहकापुढे ठेवले गेले नाही. ते ठेवले असते तर आकडेमोडीची जुजबी ओळख असलेल्या कोणालाही ओळखता आले असते की तीनही जोखमी एकाच बाजूच्या खांद्यावर आहेत.

इंधन आणि बांधकामाचा काळ

दाभोळपासून शिकून पुढे स्पर्धात्मक बोलीची पद्धत आली, आणि 2003 च्या वीज कायद्याने तिला अधिष्ठान दिले. आता जोखीम विकणाऱ्याने घ्यावी, असा विचार त्यामागे होता. गुजरातेतील मुंद्रा येथील 4000 मेगावॉटच्या कोळसा केंद्रासाठी टाटा पॉवरने 2 रुपये 26 पैशांचा समतल दर देऊन बोली जिंकली. 2007 च्या खरेदी करारानुसार या विजेत महाराष्ट्राचा वाटा 760 मेगावॉट होता. कोळसा इंडोनेशियातून यावयाचा होता, आणि इंधनखर्चाचा मोठा भाग बोलीत न वाढणारा म्हणून धरला होता.

इंडोनेशियाने 2010 मध्ये नियम बदलून कोळशाची निर्यात आंतरराष्ट्रीय भावाशी जोडली आणि हा सारा हिशेब कोलमडला. भरपाईची मागणी झाली आणि वाद वर्षानुवर्षे चालला. परक्या देशातील किंमतवाढ ही दैवी आपत्ती नव्हे आणि भारतीय कायद्यातील बदलही नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2017 मध्ये दिला. कायद्याच्या दृष्टीने ग्राहक जिंकला. पण कागदावरची जीत वीज निर्माण करीत नाही. तोट्यात चालणारे केंद्र बंद राहिले की वीज मिळत नाही, आणि तुटवडा पडला की चढ्या भावाने घ्यावी लागते. देशात कोळशाची टंचाई झाली तेव्हा 2022 मध्ये केंद्र सरकारने कायद्याच्या कलम 11 चा आधार घेऊन आयात कोळशावरील केंद्रे चालविण्याचा आदेश दिला, आणि इंधनाचा वाढीव खर्च दरात धरावा लागला. अवास्तव स्वस्त आश्वासन देणारा सरतेशेवटी ग्राहकाच्याच दारी येतो, हा मुंद्राचा धडा आहे. म्हणून सर्वांत कमी बोली ही नेहमीच सर्वांत स्वस्त वीज नसते.

इंधन नसलेल्या केंद्रांना दुसरा शत्रू असतो, तो विलंबाचा. शंभर रुपयांचे बांधकाम पाच वर्षांत सारख्या हप्त्यांनी पुरे केले आणि व्याज दहा टक्के असले, तर केंद्र चालू होते त्या दिवशी त्याची किंमत 122 रुपये झालेली असते. तेच काम बारा वर्षे रेंगाळले तर ती 178 रुपये होते. विटा आणि पोलाद यांत एका पैशाची वाढ न होताही हा बोजा वाढतो. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर येथे ज्या फ्रेंच बनावटीच्या 1650 मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या योजल्या आहेत, त्याच बनावटीच्या भट्ट्यांचा युरोपातील इतिहास येथे ध्यानी घ्यावा लागेल. फिनलंडमधील ओल्किलुओटो येथे 2005 मध्ये काम सुरू झाले. 2009 मध्ये वीज मिळावयाची होती, ती नियमितपणे मिळू लागली 2023 मध्ये. फ्रान्समधील फ्लामांविल येथे 2007 मध्ये पायाभरणी झाली, अंदाज 330 कोटी युरोंचा होता. केंद्र जाळ्याला जोडले गेले डिसेंबर 2024 मध्ये, आणि खर्च 1300 कोटी युरोंच्या पुढे गेला. अणुवीज मुळातच महाग असते असा याचा अर्थ नव्हे; तारापूरच्या जुन्या भट्ट्या त्याच्या उलट साक्ष देतात. पण जैतापूरच्या विजेचा कोणताही दर सांगणाऱ्याने बांधकामाला किती वर्षे धरली आहेत आणि पुढचे प्रत्येक वर्ष कोणाच्या खर्चाने जाणार आहे, हे त्याच वाक्यात सांगितले पाहिजे.

हिशेबाबाहेर राहणारे

येथवर आलेल्या सर्व गृहीतकांना समतल दरात जागा तरी आहे. काही गोष्टींना तीही नाही. पहिली गोष्ट विजेच्या वेळेची. दुपारी बारा वाजता मिळणारे युनिट आणि सायंकाळी आठ वाजता मिळणारे युनिट यांची उपयुक्तता सारखी नसते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ पॉल जॉस्को यांनी 2011 मधील आपल्या निबंधात हाच दोष दाखविला: जेव्हा हवी तेव्हा वीज देणारे केंद्र आणि निसर्ग देईल तेव्हा वीज देणारे केंद्र यांची केवळ समतल दरावरून तुलना करणे चुकीचे आहे, कारण बाजारात वीज तासातासाला वेगळ्या मोलाची असते. साखरेच्या भावाने गूळ मोजावा, असा तो प्रकार होतो.

महाराष्ट्रात याचे उत्तर दोन्ही बाजूंनी मिळते. शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्यांची जुनी मागणी होती; रात्री-अपरात्री पाणी देण्यासाठी शेतात जाताना साप-विंचवाचे भय त्यांनी वर्षानुवर्षे सोसले. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत तीन रुपयांच्या आसपास मिळणारी सौर वीज याच दिवसाच्या पंपांसाठी वापरली जाते, आणि तेथे तिची किंमत तिच्या दरापेक्षा अधिक आहे. उलट दिवे लागण्याच्या वेळेला सूर्य कामास येत नाही. त्या वेळी कोयनेची यंत्रे चालवावी लागतात, किंवा घाटघरसारख्या उदंचन केंद्रात दिवसा वर चढविलेले पाणी खाली सोडावे लागते. कोयनेचे पश्चिमेकडे वळविता येणारे पाणी कृष्णा लवादाने वर्षाला 67.5 अब्ज घनफुटांवर मर्यादित केले आहे. म्हणून त्या पाण्याचा प्रत्येक थेंब मोलाच्या तासासाठी राखून ठेवावा लागतो. सौर विजेच्या दराला साठवणुकीचा खर्च जोडावा, हे खरे. त्याचप्रमाणे रात्रंदिवस चालणाऱ्या केंद्राला दुपारी यंत्रे मंद करण्याचा खर्च जोडावा, हेही तितकेच खरे. दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचा अर्धा हिशेब सांगतात.

दुसरी गोष्ट, जे वीज वापरीत नाहीत पण किंमत मोजतात त्यांची. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2900 मेगावॉटहून अधिक आहे. त्याची राख आणि धूर ज्या वस्त्यांवर पडतो, तेथील दवाखान्याचा खर्च मुंबई-पुण्याच्या बिलात येत नाही. गंधकाच्या वायूवर मर्यादा घालणारे नियम 2015 मध्ये झाले, त्यांची मुदत वारंवार वाढविली गेली, आणि 2025 मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूटच देण्यात आली. यंत्रणा बसविली तर वीज महागते, असा त्यामागचा युक्तिवाद. वस्तुतः वीज महागत नाही. आधीच कोणीतरी भरीत असलेली किंमत फक्त योग्य जागी नोंदली जाते. पिगू यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलेला हा विचार अर्थशास्त्राचा विद्यार्थी पदवीच्या वर्गात शिकतो आणि धोरण ठरविणारे सोयीनुसार विसरतात.

जलविद्युतही या बाबतीत निर्दोष नाही. भिरा येथील केंद्र 1927 पासून स्वस्त वीज देत आले. परंतु त्यासाठी बांधलेल्या मुळशीच्या धरणाखाली ज्या मावळ्यांची शेते गेली, त्यांनी 1921 पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, तो या हिशेबात कोठे धरावयाचा? कोयनेच्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अनेक दशके रेंगाळले, आणि ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांच्या मोबदल्याची रक्कम प्रतियुनिट खर्चात नगण्य ठरली. ती नगण्य ठरली याचे कारण नुकसान लहान होते हे नव्हे. मागणाऱ्यांची ताकद लहान होती.

मागणी कशाची करावी

समतल दराची पद्धत टाकून द्यावी, असा निष्कर्ष यातून काढणे घातक ठरेल. ती टाकली तर आकड्याच्या जागी घोषणा येतील, आणि घोषणेला तर गृहीतकेही नसतात. पद्धत ठेवावी, पण तिचे पोट उघडून दाखवावे. प्रत्येक मोठ्या वीजखरेदी कराराबरोबर पाच गोष्टी मराठीत प्रसिद्ध करणे सरकारला आणि वितरण कंपनीला अशक्य नाही: वटावाचा दर, केंद्राचे आयुष्य, भारांक, इंधनाच्या किमतीचा अंदाज आणि बांधकामाचा काळ. त्यांच्या शेजारी एक कोष्टक असावे. त्यात प्रत्येक अंदाज प्रतिकूल दिशेने चुकला तर दर किती होईल, आणि तो फरक विकणारा भरील, ग्राहक भरील की सरकारी तिजोरी, हे स्पष्ट लिहावे. हे एक पानाचे काम आहे.

कायद्याची चौकट यासाठी काही अंशी उपलब्ध आहे. राज्य वीज नियामक आयोग 1999 मध्ये स्थापन झाला, आणि दरनिश्चितीच्या प्रस्तावांवर तो नागरिकांच्या हरकती मागवितो. तथापि स्पर्धात्मक बोलीतून पारदर्शक रीतीने निघालेला दर कलम 63 प्रमाणे आयोगाने स्वीकारावयाचा असतो, आणि तेथे खर्चाच्या अंतर्गत हिशेबाची छाननी संपते. बोली लावली म्हणजे पारदर्शकता आली, हा समज मुंद्राने खोटा ठरविला आहे. म्हणून छाननी बोलीच्या आधी, निविदेच्या अटी ठरतानाच व्हावयास हवी. कोणती वीज, दिवसाच्या कोणत्या तासांसाठी, किती वर्षे आणि कोणाच्या जोखमीवर घ्यावयाची, हे प्रश्न निविदा निघण्यापूर्वीच लोकांपुढे आले तर दाभोळची पुनरावृत्ती टळू शकेल.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की इतका गुंतागुंतीचा विषय सामान्य ग्राहकाला कळणार नाही. हा आक्षेप टिकणारा नाही. घरकर्जाचा हप्ता बदलत्या व्याजाने घ्यावा की कायम व्याजाने, याचा विचार आज प्रत्येक पगारदार करतो. विम्याचा हप्ता आणि भविष्यनिर्वाह निधीचे व्याज त्याला तोंडपाठ असते. तोच हिशेब सार्वजनिक पातळीवर मांडला तर तो त्याला न कळण्याचे कारण नाही. कळू नये अशी ज्यांची सोय आहे, त्यांनाच तो कठीण वाटतो.

पंचवीस वर्षांचा करार करणारे मंत्री, सचिव आणि संचालक त्याच्या अखेरीस पदावर नसतात. आज महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी तेव्हा पंचेचाळिशीचा, घरसंसारी झालेला असेल आणि दरमहा ते बिल भरीत असेल. त्याने सही केलेली नसते, त्याला कोणी विचारलेलेही नसते. निदान त्याच्या नावावर कोणते अंदाज लिहून ठेवले आहेत, ते त्याला आज वाचता यावेत, एवढी मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.